तुरीखालची माती

प्रिय ईशान आणि रेवा,

परवा फोनवर तुम्ही दोघं खूप हसलात. आजी गावाला गेली होती, आणि कशाला, तर खड्डा बघायला. खड्ड्याचं तिकीट किती होतं, असं रेवाने विचारलं. तिकीट नव्हतं, पण खड्डा मोठा होता आणि फोनवर मावणारा नव्हता, म्हणून लिहायला बसले आहे. आत्ताच लिहायचं आणखी एक कारण आहे. तुमचे बाबा तिकडे रोज संगणकावर इथली वर्तमानपत्रं वाचतात आणि यवतमाळ जिल्ह्याचं नाव दिसलं की लगेच मला फोन करतात. कापसाच्या या वाईट वर्षांत त्या जिल्ह्याची एकाच प्रकारची बातमी छापून येते. ती खोटी नाही. पण मी तिथे राहिले, जेवले, एकदा घसरून पडले, आणि तिथे जे बघितलं ते त्या बातमीत कुठेच नव्हतं. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा ते नाव ऐकून तुम्हाला निदान एक शेत आठवावं, एवढंच मला हवं आहे.

मी गेले ती तुमच्या उज्ज्वलाआत्याकडे. उज्ज्वला म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. ती इंजिनिअर आहे आणि दारव्ह्याच्या बाजूला एका खेड्याच्या रस्त्याचं काम बघत होती. पावसाळ्यानंतर तिला टायफॉइड झाला. ताप उतरला तरी ती डब्यातलं तिखट खाऊन पुन्हा कामावर जायची. तिची आई नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून डिसेंबरात मी मऊ भाताचे तांदूळ, तूप आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन निघाले.

दारव्हा

पुण्याहून यवतमाळपर्यंतच्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दारव्ह्याला आठवड्याचा बाजार होता. तिथून पुढे सामायिक जीप. माझ्या मांडीवर एका बाईंनी मेथीची पेंढी ठेवली आणि माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. का, ते मला कळलं नाही, पण सगळेच तसं करत होते. पुण्यात कुणी माझ्या पिशवीला हात लावला असता तर मी आरडाओरडा केला असता.

ड्रायव्हरने विचारलं, “आजी, कुठं उतरसान?”

“मुरमाच्या खदानीवर.”

“ह्या वयात गिट्टी फोडाले चालल्या काय?”

सगळी जीप हसली. मेथीवाल्या बाई म्हणाल्या, “गप रे बावा. पोरगी असन तिची तिथं.” मग त्यांनी मला उज्ज्वलाचं सगळं विचारून घेतलं. लग्न का केलं नाही, तेसुद्धा. मी उतरले तेव्हा त्यांनी मेथीतली अर्धी पेंढी मला दिली आणि ताप येऊन गेलेल्या माणसाला ती चांगली असते म्हणाल्या. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मी घेतली.

खदान

आता खड्डा. तुम्ही लोक ज्या रस्त्यांवरून गाडीने जाता, त्यांच्या डांबराखाली खडबडीत, तांबूस-पिवळी खडी दाबलेली असते. तिला मुरूम म्हणतात. यवतमाळकडे शेतांमध्ये वर काळी माती असते आणि तिच्या खाली मुरूम. टेकडीच्या उतारावर काळी माती पातळ, हातभरच. अशी शेतं रस्तेवाले मागून घेतात, मुरूम काढतात आणि शेत परत देतात. परत देताना काय देतात, यावर सगळं अवलंबून असतं.

उज्ज्वलाने मला ते पहिल्या दिवशी दुधावर समजावलं. साय आधी अलगद काढून वेगळी ठेवायची. मग दूध वापरायचं. शेवटी साय पुन्हा वर घालायची. साय म्हणजे काळी माती. ती साय दुधात ढवळली गेली की संपली. तिने या खदानीचा बेत उन्हाळ्यातच आखला होता. काळी माती खरवडून वरच्या बांधालगत लांबट ढिगात ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी तिला वाहून नेणार नाही. ढीग फार उंच करायचा नाही, नाहीतर आतली माती गुदमरते. मुरूम काढून रस्त्याच्या कडेला वेगळा साठवायचा, म्हणजे पावसाळ्यात मुरूम वाहणारे टिप्पर चिखलात न उतरता काम चालू राहतं. खड्ड्याच्या कडा उभ्या ठेवायच्या नाहीत, गुराढोरांना चढता-उतरता येईल असा उतार द्यायचा. खालच्या एका कोपऱ्यात पाणी साठू द्यायचं. आणि मुरूम संपला की तळ पोकलेनच्या दातांनी भुसभुशीत करून त्यावर ती काळी माती पसरायची.

पोकलेन म्हणजे तुम्ही खेळण्यात बघता ते लांब हाताचं, पुढे दातेरी बकेट असलेलं मशीन. ते चालवणारा संतोष दिग्रसजवळच्या तांड्यावरचा. फोनवर घरच्यांशी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलायचा आणि आमच्याशी वऱ्हाडीत. मुरमाचा ढीग जवळून बघायला म्हणून मी चढले, तेव्हा पायाखालचे खडे मण्यांसारखे गडगडले आणि मी बसल्या बसल्या तळापर्यंत आले. संतोषने मशीन बंद केलं.

“आत्या, खाली यायले वाट हाय तिकून.”

उज्ज्वला मला आत्या म्हणते, म्हणून सगळी खदान मला आत्या म्हणू लागली होती. गुडघा खरचटला, साडी फाटली. बाकी काही नाही.

मला त्या दिवशी नीट दिसलं ते दुसरंच. वरच्या बांधाचा तो काळ्या मातीचा ढीग काळा नव्हताच. तो हिरवा होता. त्यावर डोक्याएवढी उंच तूर उभी होती, शेंगांनी वाकलेली.

“ही तुझ्या बेतात होती का?” मी उज्ज्वलाला विचारलं.

“नाही. आणि हिच्यामुळेच मी रात्रभर कूस बदलते आहे,” ती म्हणाली.

अडचण अशी होती. संतोषचं मशीन चार दिवसांनी वणीकडे, राजूरच्या बाजूला मोठ्या कामावर जाणार होतं, आणि मागोमाग उज्ज्वलाही. माती पसरायची ती त्याआधीच. तूर वाळायला अजून दीड महिना हवा होता. वरचे साहेब म्हणत, माती नंतर टाकू. नंतर म्हणजे कधीच नाही, हे उज्ज्वलाला माहीत होतं, कारण एकट्या एका शेतासाठी एवढं मशीन इतक्या लांब कोणी परत पाठवत नाही. हे शेत घेताना तिने मालकिणीला माती परत टाकण्याचा शब्द दिला होता. आणि मालकीण तूर काढू द्यायला तयार नव्हती.

संतोषला तिने माझ्यासमोर विचारलं, की तूर असतानाच एका टोकाकडून सुरू करशील का. तो खाली उतरला आणि डोक्याचा रुमाल काढला.

“मॅडम, दुसरं काही सांगा. उभ्या पिकात बकेट नाही घालत मी. घरी माय भाकर नाही वाढणार मले.”

पंचफुलाबाईंचं अंगण

शेताच्या मालकीण पंचफुलाबाई. माझ्याच वयाच्या, उंच, कपाळ मोकळं. मुलगा नागपूरला कामाला आणि सून सुनंदा त्यांच्याजवळ. हे बौद्ध घर. दारात गेल्यावर मी नमस्कार म्हटलं, त्यांनी जय भीम म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मीही जय भीम म्हणू लागले, तेव्हा माझ्या चहाचं भांडं बदललं. काचेच्या ग्लासाऐवजी फुलं असलेला कप आला.

गुडघ्याला हळद लावून दिली त्यांनीच. मग जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, ठेचा आणि सोल्यांची आमटी. सोले म्हणजे तुरीचे ओले हिरवे दाणे. तव्यावर परतून, वाटून, लसूण-मिरची घालून केलेली ती आमटी मी तुम्हाला कागदावर वाढू शकत नाही. मी म्हटलं, आम्ही वरणात गूळ घालतो.

सुनंदा थांबली. “आजारी माणसाले घालता काय?”

“नाही, सगळ्यांना.”

“बापा,” सुनंदा म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी ठेचा वाढला.

वेचून आणलेला कापूस घराच्या एका खोलीत होता. त्यांच्या दुसऱ्या शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, यंदा रोगाने लाल पडली होती, आणि पांढरं निघालं ते थोडंच. त्याबद्दल त्या दोन वाक्यं बोलल्या आणि विषय मिटवला. तुरीबद्दल मात्र मी विचारलं नव्हतं तरी त्याच म्हणाल्या, “तुमच्या भाचीनं धाडलं असन तुम्हाले.”

“नाही. पण तूर का पेरली ते मला समजून घ्यायचं आहे. वरणासाठी?”

“वरण त होतेच.” त्या उठल्या. “चाला, दाखवतो.”

तिकडे बायकाही असं ‘दाखवतो’ म्हणतात. मला ते फार आवडलं.

त्यांनी मला शेजारच्या शेतात नेलं. तिथे जुनी खदान होती, उज्ज्वला येण्याच्या खूप आधीची, दुसऱ्याच कुणाची. उभ्या कडांचा पिवळा खड्डा, तळाशी बाभळी आणि दोन म्हशी. काळी माती कुठेच नव्हती.

“ह्या शेताच्या मालकालेही सांगतलं होतं, माती परत टाकू. ढीग लावला. पावसाळाभर तसाच पडून होता, उघडा. मंग एक दिवस टिप्पर आले. वीटभट्टीवर गेली माती. मालक दिग्रसले गेला मंग, कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करून राह्यला.”

“त्याने अडवलं नाही?”

“कोणाले अडवन? उघडा ढीग कोणाचा असते, आत्या? कोणाचाबी. पण त्यावर तूर उभी असली त तो माह्या असते. उभ्या पिकाले कोणी टिप्पर लावत नाही. पाह्यलं ना, तुमच्या संतोषनं नाही लावली मशीन.”

मग मला कळलं. ती तूर नव्हती, ते मातीला लावलेलं कुलूप होतं. आम्ही शहरातली माणसं. मी लगेच म्हटलं, उज्ज्वलाकडून कागदावर लिहून घ्या, मी साक्षीदार म्हणून सही करते.

पंचफुलाबाई मनापासून हसल्या. “कागद पेटीत राह्यते. माती बाहेर राह्यते.”

ढीग

संध्याकाळी मऊ भात वाढताना मी हे उज्ज्वलाला सांगितलं. तिचा समज होता की पंचफुलाबाईंना दीड महिन्याच्या तुरीचा मोह सुटत नाही. तिने हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाली, “म्हणजे मी त्यांना कुलूप काढा म्हणते आहे, आणि दाराशी उभं कोण राहणार ते सांगतच नाही.” भात पूर्ण संपवला, हे मी मुद्दाम लिहिते, कारण आजारपणानंतर ते पहिल्यांदाच घडलं.

सकाळी ती त्यांच्या अंगणात गेली, मी मागोमाग. ती खाटेवर बसली नाही, उभीच राहिली.

“बाई, एक विचारते. आज तुम्ही जेवढी तूर उपटाल, तेवढ्याच तुकड्याची माती संतोष उचलेल. तुमच्यासमोर खड्ड्यात पसरेल. त्या मातीवर तुम्ही तिथल्या तिथे हरभरा पेरा. पेरून झाला की मगच पुढचा तुकडा.”

“आन टिप्पर?”

“एकही टिप्पर वरच्या बांधाकडे येणार नाही. ढीग कडेलाच आहे, मशीनचा हात पुरतो. त्याचसाठी तो तिथे ठेवला होता.”

पंचफुलाबाई म्हणाल्या, “हरभऱ्याले उशीर झाला.”

“झाला. पण ढिगाच्या पोटात अजून ओल आहे. काल हात घालून बघितला मी.”

“मीही पाह्यला,” पंचफुलाबाई म्हणाल्या. मग सुनंदाला, “बी काढ वं.”

त्या दिवसाबद्दल मी आणखी बरंच लिहू शकले असते. पहिलं झाड पंचफुलाबाईंनी स्वतः उपटलं. दोन्ही हातांनी, मुळाशी धरून. मुळांना लागलेली माती त्यांनी ढिगावरच झटकली. मग सुनंदाने दुसरं उपटलं. गावातल्या चार-पाच बायका आल्या. हिरवं पीक उपटायचं तर शेंगा वाया घालवायच्या नाहीत, म्हणून झाडं सावलीत आणून आम्ही शेंगा तोडत बसलो. मोठ्या पातेल्यात मीठ टाकून त्या उकडल्या. संतोषने बकेट भुईला टेकवली आणि तोही खायला आला.

“पीक उभं नाही आता. खाल्लं त चालते ना?” एका बाईंनी त्याला टोमणा मारला.

“आता ते पीक नाही, काकू. आता तो नाश्ता हाय,” तो म्हणाला.

मग त्याने तळ बकेटच्या दातांनी उकलला आणि माती टाकली. पसरताना मशीन मागे मागे सरकत होतं, म्हणजे टाकलेल्या मातीवर त्याच्या लोखंडी पट्ट्यांचं वजन पडणार नाही. इतक्या अवजड वस्तूला मी इतकं हळू काही करताना पाहिलं नव्हतं. पिवळ्या तळावर काळा पट्टा तयार झाला. पंचफुलाबाई ओटीत बी घेऊन त्यावर उतरल्या. उज्ज्वला त्यांच्या मागे. मी ओरडले, की तुला विश्रांती सांगितली आहे. तिने ऐकलं नाही. पंचफुलाबाई काठीने रेघ ओढत होत्या आणि ती दाणे सोडत होती, आणि तिचे दाणे फार जवळ पडत होते.

“अवो मॅडम, रस्ता नाही हा. मोकळं मोकळं टाका.”

दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. पेरणीला वेळ लागायचा, तेवढा वेळ मशीन उभं राहायचं, आणि साहेबांचे फोन यायचे. उज्ज्वला फोन घ्यायची, हो म्हणायची आणि पुन्हा दाणे सोडायला लागायची. तिसऱ्या दिवशी पंचफुलाबाई तिला मॅडम म्हणेनाशा झाल्या. पोरी म्हणू लागल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी मशीन न्यायला लांब ट्रेलर आला. अजून पाव ढीग उरला होता, तुरीसकट. शेताचा वरचा कोपरा उघडा होता, पिवळा. उज्ज्वलाने हिशेब केला. पेरणीसाठी न थांबता सगळी तूर एका दमात उपटली, तर संध्याकाळपर्यंत उरलेली माती टाकून होईल. शेत पूर्ण होईल. पेरणी उद्या करता येईल. तिने ते सांगितलं. सुनंदा लगेच पदर खोचून उठली.

पंचफुलाबाई उठल्या नाहीत. ढिगाकडे बघत होत्या.

“राहू दे तेवढं, पोरी.”

“कोपरा तसाच राहील, बाई. मशीन परत येणार नाही.”

“मालूम हाय मले. मी न् सुनंदा टोपल्यानं टाकू. दोन वर्सं लागन, तीन लागन.”

उज्ज्वलाचा चेहरा पडला. ती आजारातून उठलेली, दमलेली, आणि तिला ते शेत पूर्ण करून द्यायचं होतं. “म्हणजे अजून विश्वास नाही माझ्यावर,” ती म्हणाली.

पंचफुलाबाईंनी तिला हाताला धरून आपल्याजवळ बांधावर बसवलं. “तुह्यावर हाय ना. पण तू जाऊन राह्यली.”

आज सगळी तूर उपटली, काही माती टाकायची राहून गेली आणि उद्या कुणी टिप्पर घेऊन आलं, तर दाराशी उभं राहायला उज्ज्वला तिथे नसणार होती. उज्ज्वलाने संतोषला हात केला. तो मशीन ट्रेलरवर चढवू लागला.

त्या दोघी बराच वेळ बांधावर बसून होत्या. पंचफुलाबाई तिच्या केसांतली मातीची ढेकळं काढत होत्या आणि म्हणत होत्या, इतके कमी केस झाले पोरीचे, तापानं गेले असन, खोबरेल लावत जाय. मी तिला हेच पंधरा दिवस सांगत होते. त्यांचं तिने ऐकून घेतलं.

परत आल्यावर

निघताना पंचफुलाबाईंनी मला वाळलेल्या नव्हे, ओल्या तुरीच्या शेंगा दिल्या, पिशवीभर. पुण्यात मी सोल्यांची आमटी करून बघितली. तशी झाली नाही. तिच्यात मी गूळ घातला नव्हता, हे मात्र सांगून ठेवते.

उज्ज्वला आता राजूरकडे आहे. कोळशाच्या धुळीत राहते आणि खोकते, म्हणून पुन्हा एकदा जायचा माझा विचार आहे. मागच्या रविवारी ती दोन बस बदलून पंचफुलाबाईंकडे जाऊन आली. खालच्या तीन भागांत हरभरा उगवला आहे, उशिराचा, बुटका, आणि तिने टाकला तिथे फार दाट. पाण्याच्या कोपऱ्यात अजून थोडं पाणी आहे आणि शेजारच्या म्हशी आता तिथे येतात. वरचा कोपरा पिवळाच आहे. उरलेल्या ढिगावर तूर उभी आहे आणि वाळत आली आहे. ती काढली की लगेच पुढचं काहीतरी पेरायचं, असं सुनंदाने ठरवलं आहे. टोपल्यांनी माती टाकायला अजून सुरुवात झालेली नाही.

पंचफुलाबाईंच्या शेतातली सगळी काळी माती अजून त्यांच्याच शेतात आहे.